घडियाळी पोळमधल्या दोन वाट्या

तुम्ही दोघांनी बडोदे पाहिलेले नाही. तुमच्या बाबाने पाहिले आहे, पण सातव्या वर्षी, आणि त्याला फक्त कमाटीबागेतली छोटी आगगाडी आठवते. त्यामुळे त्याच्याकडून माहिती घेऊ नका. मी जानेवारीच्या शेवटी तिथे आठ दिवस राहून आले. रोज टिपणे ठेवत होते. नाशिकला परतल्यावर ती जुळवून हे लिहीत आहे. त्यांतली काही टिपणे चुकीची निघाली. कोणती, ते पुढे येईलच.

मी हवापालटासाठी गेले नव्हते. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण मालती, म्हणजे तुमची आत्याआजी, तिथे घडियाळी पोळमध्ये राहते. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तरी पन्नास वर्षे आम्ही एकमेकींना ‘अहो’च म्हणत आलो. नणंद-भावजयीत तेव्हा तशीच रीत होती, आणि नंतर ती मोडायची दोघींपैकी कुणाला सुचले नाही.

त्यांचे यजमान गेल्यावर दुसऱ्या वर्षी वन्सं आजारी पडल्या. नाशिकमध्ये मी सगळ्यांना मणक्याचे दुखणे म्हणून सांगितले, आणि फोनवर तुम्हालाही. ते खोटे होते. त्यांना नैराश्याचा आजार झाला होता. आधी भूक गेली, मग बोलणे गेले, मग अंघोळ करणे हेही त्यांना डोंगराएवढे काम वाटू लागले. काही आठवडे दवाखान्यात, मग पाच महिने मुलाकडे, बडोद्यातच वासण्याला, असे करत औषधांनी त्या सावरल्या. आणि सावरल्या तशा म्हणू लागल्या, मला माझ्या घरी जायचे आहे.

त्यांचा मुलगा शिरीष महिनाभर रोज रात्री पोळमध्ये झोपायला येत होता. पण असे किती दिवस चालणार? खालच्या दुकानदाराला वन्संच्या वरच्या खोल्या गोदामाला हव्या होत्या आणि त्याला महिनाअखेर उत्तर द्यायचे होते. शिरीषने मला फोन केला.

“मामी, तुम्ही आठ दिवस राहा. मी मध्ये येणार नाही. आई एकटी राहू शकेल का, ते तुम्ही बघून सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.”

“वन्संना चालेल?”

“आईच म्हणाली, वहिनींना बोलव. त्या तोंडदेखलं बोलणार नाहीत.”

सोमवार

बसप्रवासातले सांगण्यासारखे एवढेच, की सापुताऱ्याच्या वळणांवर माझ्या डब्यातले दहीपोहे सांडले आणि शेजारच्या गृहस्थांनी एक शब्द न बोलता आपली पिशवी मांडीवर घेतली.

पोळ म्हणजे अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटलेली घरे, खाली दुकाने. समोरच्या घरात फोडणी पडली की ठसका आपल्याला लागतो. संक्रांत होऊन दहा-बारा दिवस झाले होते. इथे तिला उत्तरायण म्हणतात आणि दोन दिवस सारे शहर गच्च्यांवर असते. मी पोचले तेव्हा त्यातले उरलेसुरले विजेच्या तारांवर लटकत होते: पतंगांचे सांगाडे, मांज्याची गुंतवळ, एक लांब गुलाबी शेपटी.

“हे सगळं कोण काढतं?” मी विचारले.

“वारा,” वन्सं म्हणाल्या. “बसा ने वहिनी. चहा मूकते.”

‘मूकणे’ म्हणजे गुजरातीत ठेवणे. बडोद्याच्या मराठीत असे शब्द सर्रास येतात आणि बोलणाऱ्याला ते परके वाटत नाहीत. वन्संचे आजेसासरे गायकवाडी दफ्तरात होते. त्यांचा पगडीतला फोटो भिंतीवर आहे. त्याच फोटोखाली बसून वन्सं भाजीवाल्याशी गुजरातीत, शिरीषशी मराठीत आणि टीव्हीशी हिंदीत बोलतात.

त्या बारीक झाल्या होत्या. पण चहा चांगला होता.

शिरीष जाताना औषधांच्या नव्या पट्ट्या देऊन गेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “गोळ्या आई स्वतःच्या हाताने घेते, सकाळी एक, रात्री एक. डॉक्टरांनी सांगितलंय, कुणी मागे लागायचं नाही. तेवढं एक विचारू नका.”

मी नाही विचारले. सूचना पाळण्यात मी कधी कमी पडलेले नाही.

मंगळवार

माझ्या वहीतली त्या दिवशीची नोंद तशीच्या तशी देते. ‘अंथरूण साडेनऊपर्यंत तसेच. पूजा पाच मिनिटांत उरकली. वरणात गूळ फार. भांडी विसळून उताणीच ठेवतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन वाट्या विनाकारण पडून. दुपारी गुजराती मालिका, सलग दोन.’

पूर्वीच्या वन्सं अशा नव्हत्या. पहाटे उठून सडा घालणाऱ्या, वीस माणसांचे लाडू एकट्या वळणाऱ्या, बोलायला लागल्या की थांबवाव्या लागणाऱ्या. मी तोच नमुना मनात धरून तपासायला बसले होते.

अंथरुणाचे मी बोलून दाखवले.

“मला घड्या घालायला कधीच आवडत नव्हतं, वहिनी,” त्या म्हणाल्या. “सासूबाई बघत असायच्या म्हणून घालत होते. मग हे बघत असायचे.”

“आता मी बघतेय.”

“तुम्ही आठ दिवस बघणार. मग मंगळवारी निघाल.”

त्यांनी हे इतक्या सरळ स्वरात सांगितले, की मला राग यायला उशीर झाला.

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतले. नाश्ता झाला की वन्सं खाली भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जायच्या, तेवढ्यात मी भांडी घासून, पुसून, पालथी घालून ओटा लख्ख करत असे. रात्रीही तसेच. आमच्या घरी धुतलेले भांडे उताणे दिसणार नाही. धूळ बसते, पाल फिरते. खिडकीतल्या दोन वाट्यांनाही मी तोच नियम लावला.

बुधवार, सुरसागर

संध्याकाळी आम्ही सुरसागर तळ्यापर्यंत चालत गेलो. मध्ये शंकराची उंच मूर्ती, भोवती कठडा, कठड्यावर शेंगदाणे खाणारे लोक. थंडी नाशिकएवढी नव्हती, तरी बायका शालीत होत्या.

रोज एकदा बाहेर पडायचे, एका माणसाशी बोलायचे, एक पदार्थ स्वतः करायचा, असे डॉक्टरांनी वन्संना नेमून दिले होते.

“पहिल्या आठवड्यात पोळच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले,” त्या सांगू लागल्या. “मग पानवाल्यापर्यंत. ज्या दिवशी चौकातल्या मांडवीपर्यंत गेले ने, त्या दिवशी शिरीषने पेढे आणले. मला इतकी लाज वाटली! अडुसष्ट वर्षांची बाई मांडवीपर्यंत चालली म्हणून पेढे?”

“खाल्ले का?”

“दोन.”

परतताना पोंक घेतला. आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा. पण इथे त्यावर बारीक शेव, लिंबू आणि साखरेचे दाणे घालतात. मग वन्संनी आग्रहाने सेव-उसळ खायला घातली. वाटाण्याची पातळ उसळ, मूठभर शेव, वरून लसणाची लाल चटणी, बरोबर पाव. मिसळीची ही बहीण नाशिकच्या माणसाला तिखटात हरवणार नाही अशी माझी समजूत होती. माझ्या नाकातून पाणी आले. वन्संनी आपला रुमाल पुढे केला आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

त्या रात्री वहीत लिहिले: ‘आशा आहे.’

गुरुवार आणि शुक्रवार

गुरुवारी सकाळी वन्सं उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. चक्कर येत होती. रात्रभर डोळा लागला नव्हता. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होते, म्हणाल्या. भाजी त्यांनी तरीही आणली.

शुक्रवारी दुपारी पोळमधल्या बायका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उंधियूचा, म्हणजे तिथल्या मिश्र भाजीचा, मोसम. समोरच्या घरातल्या हंसाबेन, आमच्याच वयाच्या, भल्या मोठ्या आवाजाच्या, शेजारणींच्या फिरक्या घेत होत्या. वन्सं त्यांच्यात बसल्या, चार शेंगा सोलल्या आणि अचानक रडू लागल्या. कोणी काही बोलले नव्हते. मग त्या वर गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. चालायला आल्या नाहीत. जेवल्या नाहीत.

शिरीषने त्यांच्या आजाराची सुरुवात मला अशीच सांगितली होती.

मी गच्चीवर जाऊन त्याला फोन केला. म्हणाले, “त्या एकट्या राहू शकणार नाहीत. मला तसं स्पष्ट सांगायला हवं.”

तो म्हणाला, “बरं, मामी. रविवारी खोके घेऊन येतो. दुकानदाराला संध्याकाळी कळवतो.”

वहीत निर्णय लिहिला, खाली वेळ घातली. वाईट वाटत होते, हे खरे. पण तुम्हाला सगळेच सांगायचे ठरवले आहे, तर हेही सांगते, की थोडे हायसे वाटले. निकाल लागला की मला बरे वाटते, मग तो कोणताही असो.

शनिवार

नाश्त्यानंतर मी भांडी पालथी घालत होते. हंसाबेनचे स्वयंपाकघर आमच्या समोर, मधे जेमतेम दोन हात गल्ली. त्या खिडकीतून ओरडल्या.

“ओ मोटाबेन! ती वाटकी उंधी कशाला करते?”

उंधी म्हणजे पालथी. मी म्हटले, धूळ बसते.

“अरे, धूळ बसू दे! ती मालतीबेनच्या गोळीची वाटकी छे, एक सकाळची, एक रात्रीची. गोळी घेतली की मालतीबेन उंधी करते. नाही घेतली तोवर सीधी. मी इथून बघते, सीधी दिसली की बूम मारते, ‘मालतीबेन, दवा!’ चार दिवस झाले बघते, वाटकी तर वेळेवर उंधी, आणि मालतीबेनचं तोंड असं. आज बघितलं तर उंधी करणारी तुमी!”

मी हात पुसले आणि औषधांचा डबा उघडला. सकाळच्या पट्टीतली एकही गोळी कमी झाली नव्हती. रात्रीच्या पट्टीतून एक गेली होती, सोमवारची.

वन्सं आतल्या खोलीत पडून होत्या. मी खुर्ची ओढून बसले.

“वन्सं, खिडकीतल्या वाट्या मी पालथ्या घालत होते. मंगळवारपासून.”

त्या वळल्या. “तुम्ही?”

“हो. तुम्ही भाजीला गेलात की. आणि रात्री.”

“भाजी घेऊन आले की वाटायचं, मी गोळी घेतली नाही,” त्या हळूहळू म्हणाल्या. “पण वाटी पालथी दिसायची. पूर्वी घोटाळा व्हायचा माझा, कधी दोनदा घ्यायची, कधी नाहीच. म्हणून ठरवलंय ने, मनाचं ऐकायचं नाही, वाटीचं ऐकायचं.” मग एकदम उठून बसल्या. “विचारायचं तरी!”

“शिरीषने सांगितलं होतं, विचारू नका म्हणून.”

“गोळ्यांचं. वाट्यांचं नाही.”

मी म्हणाले, “तुम्ही तरी सांगायचं.”

“तुम्हाला? तुम्ही जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंत. तुम्हाला काय सांगू, मी वाटीवर चालते म्हणून?”

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळ्या अचानक थांबल्या की चक्कर, रडू, झोप जाणे असे होऊ शकते. एवढ्यावरून जुना आजार उलटला असे धरू नका. गोळ्या नेहमीच्या वेळेला सुरू करा, चुकलेल्या भरून काढू नका, सोमवारी दाखवायला या.

त्यानंतर मला उरलेले सांगावे लागले. शिरीषला काल फोन केला, तो उद्या खोके घेऊन येतो आहे, दुकानदाराला कळवून झाले आहे. वन्संनी ऐकून घेतले. रडल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या, दोन्ही वाट्या उताण्या केल्या, सकाळची गोळी घेतली आणि एक वाटी पालथी घातली. त्या दिवशी त्या माझ्याशी जेवणापुरते बोलल्या.

रविवार

शिरीष पुठ्ठ्याचे सहा खोके घेऊन आला. मी त्याला खोके खाली ठेवू दिले नाहीत, आधी बसवले आणि सगळे सांगितले. इतकी वर्षे मुलांचे पेपर तपासले, पण दिलेला निकाल मागे घेण्याची ही माझी पहिलीच वेळ.

तो चिडला नाही. म्हणाला, “मामी, तुमची चूक नाही म्हणत मी. पण हेच तर मला सांगायचं होतं. कुणी एक वाटी हलवली की आई कोसळते. उद्या मांजर हलवेल.”

खरे होते. मी वन्संकडे पाहिले.

“वाटी हलली ते हंसाबेनला कळलं ने?” त्या म्हणाल्या. “तुझ्या सातव्या मजल्यावर कुणाला कळलं असतं?”

“तिथे मी आहे, आई.”

“तू नऊला जातोस, आठला येतोस. मधे लिफ्टचा आवाज येतो. मी पाच महिने तो मोजत होते.”

“मला भीती वाटते ग,” शिरीष म्हणाला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खोका अजून मांडीवर धरलेला. “फोन उचलला नाहीस की मला घाम फुटतो.”

“मलाही वाटते. तुझ्या घरीही वाटत होती.”

समोरच्या खिडकीतून आवाज आला, “शिरीषभाई, खोका परत ने! रिकामा छे तोवर हलका छे!”

“हंसामासी, तुम्ही सगळं ऐकता का?”

“पोळमध्ये राहते, बेटा. कान कुठे ठेवू?”

शिरीषला हसू आले. ठरले एवढेच, की डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचे, आणि तोवर दुकानदाराला थांबवायचे. खोके मात्र तो घेऊन गेला नाही. जिन्याखाली ठेवले.

सोमवार, अकोटा

डॉक्टरांचा दवाखाना विश्वामित्री नदीपलीकडे, अकोट्यात. आम्ही तिघे जात असताना पुलावर रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा थांबवली. “मगर,” म्हणाला. खाली चिखलावर एक मोठी मगर ऊन खात पडली होती, भर शहरात, दोन्ही बाजूंना इमारती. पुलावर लोक उभे राहून पाहत होते, कुणी केळी खात, कुणी फोनवर बोलत. नाशिकला बिबट्या आला की शाळा सुटतात. इथे मगरी नदीतच असतात आणि लोकांनी त्याच्याशी जुळवून घेतले आहे.

डॉक्टर तरुण होते. मी माझी वही पुढे केली. त्यांनी दोन पाने वाचली आणि विचारले, “आजी, यातलं आजाराचं कुठलं?”

मी वही परत घेतली आणि पेन्सिलने रेघा मारू लागले. अंथरूण. गूळ. मालिका. पाच मिनिटांची पूजा. शेवटी चक्कर, रडू आणि न जेवणे एवढेच राहिले, आणि ते माझ्यामुळे झाले होते. बाकी सगळे एका बाईच्या बदलण्याबद्दल होते. वन्सं बऱ्या झाल्या म्हणजे पूर्वीच्या वन्सं परत येतील अशी माझी अपेक्षा होती. पूर्वीच्या वन्संना कसे वाटत होते, हे मी कधी विचारले नव्हते. अंथरुणाच्या घड्या मात्र पाहिल्या होत्या.

डॉक्टरांनी मग वन्संनाच विचारले, “तुम्हाला काय वाटतं? जमेल?”

सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. शिरीष मधे बोलणार होता, मी त्याच्या हातावर हात ठेवला.

“शुक्रवारी मी पडून होते,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मला वाटलं, झालं, परत आलं. तरी सकाळी शाक आणलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून वाटतं, जमेल. नाही जमलं तर सांगेन. पूर्वी सांगत नव्हते.”

तीन महिने घरी राहून पाहायचे, पंधरा दिवसांनी दाखवायचे, शिरीषने दिवसातून एकदाच फोन करायचा, असे ठरले. डॉक्टरांनी वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी घ्यायला सांगितली. वन्संनी ती तिथल्याच दुकानातून घेतली. “पण वाट्याही राहतील,” म्हणाल्या. “डबी हंसाबेनला दिसणार नाही.”

दुकानदाराला शिरीषने रिक्षातूनच नकार कळवला. त्याचा आवाज अजून खात्रीचा नव्हता.

मंगळवार

सकाळी मी वन्संना म्हणाले, की मी आणखी आठ दिवस थांबते. चुकीची भरपाई म्हणा. मी स्वयंपाकघराला हात लावणार नाही, असेही म्हणाले.

त्या मटार सोलत होत्या. “नको, वहिनी. राग धरून नाही सांगत. तुम्ही असलात की मी बरी आहे की तुम्हाला बरी दिसतेय, ते माझं मलाच कळत नाही.”

मी बॅग भरली.

रिक्षा पोळच्या तोंडाशी येऊन थांबली. वन्संनी वाटेसाठी भाखरवडीचा पुडा दिला, वाकून नमस्कार केला, आणि “आवजो, वहिनी” म्हणाल्या. इथे निरोपाला सगळे हेच म्हणतात, पुन्हा या अशा अर्थाने. मी काही बोलणार तोच वरून कुकरची शिट्टी ऐकू आली.

“अग बाई, गॅस!” म्हणून त्या लगबगीने आत गेल्या. आमच्या नाशिकला पाहुणा वळणाआड होईपर्यंत दारात उभे राहण्याची पद्धत आहे. मी थोडा वेळ वाट पाहिली. त्या परत बाहेर आल्या नाहीत. रिक्षावाल्याने विचारले, कुणी यायचे आहे का. मी नाही म्हणाले, आणि आम्ही निघालो.